चर्चमधला ज्यूद्वेष: शोधायचा कसा, काढायचा कसा आणि ज्यू शेजाऱ्यांशी ओळख करायची कशी

संडे स्कूलच्या वर्गात "येशूला कुणी मारलं?" असा प्रश्न टाकून पाहा. एखादं मूल पिलाताचं नाव घेईल, बाकीची "यहूद्यांनी" म्हणून मोकळी होतील. मग विचारा, तुमच्यापैकी कुणी ज्यू माणसाला भेटलंय का? बहुतेक वर्गात एकही हात वर होणार नाही.

आपल्याकडचा ज्यूद्वेष हा असा आहे. तो शेजाऱ्याशी झालेल्या भांडणातून आलेला नाही, कारण तसं भांडण इथं झालंच नाही. कोकणात बेने इस्राएल लोकांनी, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंनी, पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं आणि विषय तिथंच संपला. किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावावरून पडलेली आडनावं घेऊन ते मराठी बोलत राहिले, मराठीत कीर्तनं करत राहिले. त्यांच्याबद्दल आपल्या मुलांच्या मनात जे बसलं, ते शास्त्रपाठातून, प्रवचनातून, गुड फ्रायडेच्या नाटकातून आणि अलीकडे मोबाइलमधून बसलं. म्हणजे आपणच शिकवलं. आणि जे शिकवलं ते बदलताही येतं, ही यातली चांगली बाजू.

हा लेख वसई, मुंबई, पुणे, नगर, गोवा किंवा कुठल्याही मराठी चर्चमध्ये काम करणाऱ्या माणसासाठी आहे. तुम्ही फादर किंवा पास्टर असाल, संडे स्कूल घेत असाल, वाचक असाल, युवक मंडळाचं नाटक बसवत असाल, तरी चालेल. सगळ्यांत सोयीची वेळ म्हणजे जानेवारीचा शेवट. २७ जानेवारी हा आउश्वित्झची छळछावणी मुक्त झाल्याचा दिवस, संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये ठरवलेला होलोकॉस्ट स्मृतिदिन. त्या सुमारास सुरुवात केली तर उपवासकाळ लागायच्या आत पाया घालून होतो आणि पवित्र सप्ताहाच्या तयारीला हातात वेळ राहतो.

एक क्रम मात्र पाळा. सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला) भेट, एकत्र जेवण, फोटो, पेपरात बातमी हे सगळं मागाहून. पाहुण्याला बोलवायच्या आधी घर झाडतात, तसं आधी आपल्या चर्चमधलं बघायचं. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं होतं. भेटीचा कार्यक्रम छान पार पडतो आणि पुढच्याच गुड फ्रायडेला व्यासपीठावरून जुनंच सगळं ऐकू येतं.

पहिली पायरी: तीन संध्याकाळी इतिहासाला द्या

दहा-बारा जणांचा गट पुरे. संडे स्कूलचे शिक्षक, वाचक, गायनवृंदातले एक-दोघं आणि नाटक बसवणारा यांना आवर्जून घ्या.

पहिल्या संध्याकाळी युरोपातला इतिहास. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात योहान क्रिसोस्तोमनं ज्यूंविरुद्ध दिलेली प्रवचनं, ११४४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विच इथल्या एका मुलाच्या खुनावरून ज्यूंवर आलेला नरबळीचा आळ, १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं ज्यूंना वेगळा पोशाख घालायला लावणं, १४९२ मध्ये स्पेनमधून हकालपट्टी, १५४३ चं ल्यूथरचं ज्यूंविरुद्धचं पुस्तक. प्रॉटेस्टंट मंडळीनं ल्यूथरवरून घाईनं पुढे जाऊ नये आणि कॅथलिकांनी "तो त्यांचा प्रश्न" म्हणून हात झटकू नयेत. नाझींचा वंशवाद ही वेगळी, आधुनिक गोष्ट होती हे खरंच. त्यात बाप्तिस्मा घेतलेला ज्यूही सुटत नव्हता. पण साठ लाख माणसं मारली जात असताना इतके बाप्तिस्मा घेतलेले शेजारी बघत राहिले, ते कशामुळे? या प्रश्नावर गटाला थांबू द्या. उत्तर देण्याची घाई करू नका.

दुसरी संध्याकाळ गोव्याची. "हे सगळं युरोपात झालं, आमचा काय संबंध?" असा प्रश्न येणारच, त्याला गार्सिया द ओर्ता हे उत्तर आहे. स्पेनमधून हाकललेल्या ज्यू घराण्यातला हा माणूस. १४९७ मध्ये पोर्तुगालनं आपल्याकडच्या ज्यूंचा सक्तीनं बाप्तिस्मा केला, तेव्हापासून ही कुटुंबं 'नवे ख्रिस्ती' झाली. गार्सिया वैद्य होऊन १५३४ मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यानं उपचार केले, मुंबई बेट त्याच्याकडे इजाऱ्यानं होतं, आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात आंबा, फणस, नारळ, हिंग, अफू यांच्याबद्दल इतक्या बारकाईनं लिहिलंय की वनस्पतीशास्त्राच्या इतिहासात त्याला अजून मान आहे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं. गार्सिया १५६८ मध्ये वारला म्हणून वाचला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळलं. १५८० मध्ये खुद्द गार्सियाची हाडं थडग्यातून उकरून जाळण्यात आली. आज पणजीत चर्चसमोरची बाग त्याच्या नावानं आहे. गोव्यातले किंवा गोव्याला जाणारे वाचक असतील त्यांनी तरुणांना तिथं न्यावं आणि बाकावर बसवून हे सांगावं. वर्गात सांगितल्यापेक्षा जास्त लक्षात राहतं.

इन्क्विझिशनचा जाच इथल्या हिंदूंना आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांनाही झाला, तो विषय मोठा आहे. पण ती संस्था पोर्तुगालात मुळात 'नव्या ख्रिस्ती' ज्यूंच्या मागावर उभी राहिली होती, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

तिसरी संध्याकाळ बदलाची. फ्रेंच इतिहासकार जूल इझाक यांची बायको आणि मुलगी आउश्वित्झला मारली गेली. लपूनछपून राहत असताना त्यांनी शुभवर्तमानं मुळातून तपासली आणि दाखवून दिलं की चर्चमध्ये ज्यूंबद्दल शिकवलं जातं त्यातलं बरंच शुभवर्तमानांत नाहीच. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झेलिसबर्ग गावी ज्यू, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक एकत्र आले आणि ख्रिस्ती शिकवणीसाठी दहा मुद्दे ठरवले. त्यामागे इझाक यांचीच टिपणं होती. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून ज्यूंना विश्वासहीन म्हणणारा शब्द काढला. १९६० मध्ये इझाक त्यांना भेटले. पुढे २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा २२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर केला. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सर्व ज्यूंवर सरसकट आणि आजच्या ज्यूंवर मुळीच टाकता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. ज्यूद्वेष कुणीही, कधीही केलेला असो, त्याचा धिक्कारही आहे. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चनं १९९४ मध्ये ल्यूथरचं ते लिखाण नाकारलं आणि त्याच्या परिणामांबद्दल ज्यूंकडे खोल दुःख व्यक्त केलं.

कॅथलिक असाल तर 'नोस्त्रा एताते'चा चौथा परिच्छेद मोठ्यानं वाचा. छोटा आहे. साठ वर्षं होऊन गेली तरी तो आपल्या कानावर कधी पडला नाही, असं गटातले निम्मे लोक म्हणाले तर नवल वाटू देऊ नका.

दुसरी पायरी: वाचनं

बायबल बदलायचं नाही. जे लिहिलं आहे ते तसंच वाचायचं. पण कसं वाचायचं हे आपल्या हातात आहे.

अवघड जागा ठरलेल्या आहेत. मत्तय २७:२५ मध्ये जमाव त्याचं रक्त आपल्यावर आणि आपल्या मुलाबाळांवर ओढवून घेतो. योहान ८:४४ मध्ये सैतान तुमचा बाप आहे असं येशू समोरच्यांना म्हणतो. पहिलं थेस्सलनीकाकरांस पत्र, अध्याय २, ओव्या १४ ते १६. आणि योहानाच्या शुभवर्तमानात ठायी ठायी येणारे 'यहूदी'. वर्षभराच्या वाचनांच्या यादीत या जागा कधी येतात ते कॅलेंडरवर आताच पेन्सिलीनं मांडून ठेवा. प्रवचन देणाऱ्याला किमान आठवडाभर आधी कळलं पाहिजे.

संदर्भ द्यायला लांबलचक व्याख्यान नको. गुड फ्रायडेला दुःखसहनाच्या वाचनाआधी वाचकानं अर्ध्या मिनिटाचं निवेदन करावं. असं चालेल:

"आता आपण योहानाच्या शुभवर्तमानातून प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकणार आहोत. यात 'यहूदी' हा शब्द वारंवार येईल. येशू, त्याची आई, त्याचे प्रेषित हे सगळे यहूदीच होते. इथं योहानाचा रोख बहुतेक ठिकाणी यरुशलेमातल्या अधिकाऱ्यांवर आहे. क्रूसाची शिक्षा रोमी सत्तेनं दिली आणि रोमी शिपायांनी अंमलात आणली. येशूच्या मृत्यूबद्दल आजच्या कोणत्याही ज्यू माणसाला दोषी धरू नये, ही चर्चची शिकवण आहे."

बस्स. यात कुणाच्या श्रद्धेला धक्का नाही आणि उपासनेचा वेळही जात नाही. फादरना विचारूनच करा, पण "बघू" या उत्तरावर थांबू नका, लिहिलेला कागदच पुढे ठेवा.

प्रवचनासाठी जोडवाचनं उपयोगी पडतात. लूक २३:२७ मध्ये येशूच्या मागे लोकांचा मोठा समुदाय आणि ऊर बडवणाऱ्या स्त्रिया चालताहेत. तो समुदायही यहूदीच, त्याच शहरातला. रोमकरांस पत्राचे ९ ते ११ अध्याय तर याच विषयावर आहेत. ११:१८ मध्ये पौल परराष्ट्रीयांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना बजावतो की तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळानं तुला धरून ठेवलं आहे. ११:२९ मध्ये देवाची पाचारणं परत घेतली जात नाहीत असं तो म्हणतो. 'ज्यूंना देवानं टाकलं आणि त्यांच्या जागी आपल्याला घेतलं' हे वाक्य ज्यांच्या तोंडी बसलंय त्यांनी हे अध्याय सलग, एका बैठकीत वाचावेत.

कॅथलिक गुड फ्रायडेच्या सार्वत्रिक प्रार्थनांत ज्यू लोकांसाठीची प्रार्थना आता वेगळी आहे. देव ज्यांच्याशी आधी बोलला ते लोक, असा त्यांचा उल्लेख १९७० पासूनच्या मिस्साग्रंथात येतो. ही प्रार्थना घाईत उरकू नका, तिच्यानंतरची शांतता पूर्ण पाळा.

तिसरी पायरी: नाटक आणि क्रूसाची वाट

सगळ्यांत जास्त नुकसान इथं होतं, कारण वाचन विसरलं जातं, देखावा विसरला जात नाही. महायाजक कयफाचं काम करणारा मुलगा मोठी दाढी, वाकडी नजर आणि खर्जातलं खलनायकी हसू घेऊन स्टेजवर येतो, टाळ्या पडतात. पिलात मात्र स्वच्छ पांढऱ्या झग्यात, बिचारा, हतबल, हात धुणारा. प्रेक्षकांत बसलेली आठ वर्षांची मुलगी घरी काय घेऊन जाते, याचा विचार संहिता हातात घेण्यापूर्वी करायचा.

बव्हेरियातल्या ओबरआमेरगाउ गावचं उदाहरण दिग्दर्शकाला सांगा. प्लेगमधून वाचलो तर प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक करू, असा नवस गावानं १६३३ मध्ये केला आणि १६३४ पासून ते नाटक साधारण दर दहा वर्षांनी होत आलंय. १९३४ मध्ये हिटलर ते पाहायला आला होता आणि त्याला ते फार आवडलं होतं. ज्यूंना बदनाम करणारे प्रसंग त्यात होतेच. पुढे ज्यू संस्थांनी आक्षेप घेतले, गावात अनेक वर्षं वाद झाले, आणि ख्रिस्तियान श्ट्युकल या दिग्दर्शकाच्या हाताखाली नाटक बदललं. रक्ताच्या शापाची ओळ काढली गेली. येशूला 'रब्बी' म्हणून हाक मारली जाऊ लागली. २०१० च्या प्रयोगात 'हे इस्राएला, ऐक' ही ज्यू प्रार्थना हिब्रूतून गायली गेली. याजकांमध्ये मतभेद दिसू लागले, येशूची बाजू घेणारे आवाज आले. लोक येणं थांबलं नाही. जवळपास चारशे वर्षांची परंपरा असलेलं गाव हे करू शकतं, तर आपल्या युवक मंडळानं दोन वर्षांपूर्वी झेरॉक्स केलेल्या संहितेला इतकं काय सोनं लागलंय?

संहिता पुढ्यात घेऊन लाल पेननं बसा. प्रत्येक पात्राची वेशभूषा बघा. येशू आणि शिष्य एका तऱ्हेच्या कपड्यांत आणि 'यहूदी' दुसऱ्या तऱ्हेच्या, असं असेल तर ते आधी बदला, सगळे एकाच गावचे दिसले पाहिजेत. जमावात "ह्याला वधस्तंभावर खिळा" ओरडणारे असतील, तर रडणारे, गप्प उभे असलेले, मुलांचे डोळे झाकणारेही असू द्या. पिलाताला सज्जन करू नका. योसेफस आणि फिलो या पहिल्या शतकातल्या ज्यू लेखकांनी त्याच्या जुलमाबद्दल लिहून ठेवलंय, आणि शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर त्याला रोमला परत बोलावण्यात आलं. त्याच्या तोंडी एखादं थंड, हिशेबी वाक्य घाला, नाटकाच्या दृष्टीनंही ते चांगलं उतरतं. यहुदा इस्कर्योताच्या हातात नाण्यांची थैली हलवत सगळ्यांकडे लालचीपणानं बघणं टाळा. ज्यू म्हणजे पैशाचा लोभी, ही जुनी टवाळी त्याच थैलीतून पसरली. त्याचा पुतळा करून जाळायची किंवा चोपायची पद्धत कुठं असेल तर ती बंदच करा, त्याला मधला मार्ग नाही. रक्ताच्या शापाची ओळ गाळली तर नाटकाचं काहीही बिघडत नाही. नाटक म्हणजे शुभवर्तमानाचं वाचन नव्हे, त्यात आपण निवड करतोच.

क्रूसाच्या वाटेची जुनी पुस्तिका वापरत असाल तर चौदाही थांब्यांवरच्या प्रार्थना वाचून काढा. 'कठोर अंतःकरणाचे यहूदी' अशा धाटणीचे शब्द सापडले तर ती पुस्तिका बाजूला ठेवा आणि नव्या प्रार्थना लिहून घ्या.

चौथी पायरी: संडे स्कूल

इथं दोनच गोष्टी धरा.

पहिली, परूशी, म्हणजे येशूच्या काळातला ज्यूंमधला एक धार्मिक गट. 'परूशी' म्हणजे ढोंगी, असं आपण इतकं म्हटलंय की ती शिवीच झाली. पण हेरोद तुला मारायला बघतोय, इथून निघून जा, असं येशूला सावध करणारे परूशीच होते (लूक १३:३१). प्रेषितांच्या कृत्यांत पाचव्या अध्यायात प्रेषितांची बाजू सावरणारा गमलिएल परूशी. रात्री भेटायला येणारा आणि शेवटी सुगंधी द्रव्यं घेऊन दफनाला उभा राहणारा निकदेम परूशी. पौल स्वतःला परूशी म्हणवतो. आजचा ज्यू धर्म ज्या रब्बींनी घडवला त्यांची नाळ परूशांशी जोडलेली आहे, म्हणजे 'परूशी' म्हणून हिणवलं की आजच्या ज्यूंनाच लागतं. मुलांना या चौघांच्या गोष्टी सांगा, पाठ्यपुस्तकातल्या एकाच चित्रावर भागवू नका.

दुसरी, 'जुन्या करारातला देव रागीट, नव्या करारातला प्रेमळ' हे वाक्य. हे फार जुनं आणि चर्चनं फार पूर्वी नाकारलेलं मत आहे. दुसऱ्या शतकात मार्सियननं जुना करार टाकून द्यायला सांगितलं होतं, रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं. "शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर" हे वचन कुठलं, असं मुलांना विचारा. बहुतेक जण येशूचं म्हणतील. मग लेवीय १९:१८ उघडायला लावा. सर्वांत मोठी आज्ञा म्हणून येशू जे सांगतो ते अनुवाद ६:४-५ मधलं, म्हणजे ओबरआमेरगाउला हिब्रूत गायली गेलेली तीच प्रार्थना, आणि ती आजही सिनेगॉगमध्ये रोज म्हटली जाते. मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पाचवी पायरी: आता भेटा

इतकं झाल्यावर भेटीला जा. भारतात आज काही हजारच ज्यू उरलेत आणि त्यातले बरेच मुंबई, ठाणे, पुणे, रायगड भागात आहेत. मुंबईत मशीद बंदरजवळचं शार हारहमीम हे १७९६ चं, सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेलं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड, फोर्टचं केनेसेथ एलियाहू आणि पुण्याच्या कॅम्पातलं ओहेल डेव्हिड, ज्याला सगळं पुणं 'लाल देऊळ' म्हणतं, ही ससून घराण्याच्या काळातली बगदादी (बगदादकडून आलेल्या) ज्यूंची. ठाणे, पनवेल, अलिबाग इथंही सिनेगॉग आहेत. आधी विश्वस्तांना पत्र लिहा. कोण, किती जण, कशासाठी, एवढं सरळ लिहा आणि सोबत ओळखपत्रांची तयारी ठेवा. २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाउसमध्ये ज्यू माणसांना वेचून मारलं गेलं, तेव्हापासून दाराशी चौकशी होते. ती होणारच. तोंड वाकडं करू नका.

शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार संध्याकाळपर्यंत शब्बाथ. त्या वेळी भेट मागू नका, आणि शब्बाथाच्या उपासनेला बोलावलं गेलं तर फोन बंद ठेवा, फोटो, लिहिणं काही नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं. सण पाहून तारीख ठरवा. काही खायला न्यायचं असेल तर आधी विचारा. अख्खी फळं बहुतेक वेळा चालतात, घरचा केक चालेलच असं नाही.

आणि एक जुनी गोष्ट ध्यानात ठेवून जा. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं बेने इस्राएल मुलांसाठी शाळा चालवल्या, मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांतही ही मुलं शिकली, त्यांच्यातले काही शिक्षक झाले. मिशनऱ्यांना आशा होती की हे लोक ख्रिस्ती होतील. धर्मांतर अगदी थोड्यांनी केलं. बाकीच्यांनी हिब्रू शिकून घेतली आणि आपल्याच धर्मात आणखी पाय रोवले. मला ही सगळी हकिगत फार आवडते. पण तिचा अर्थ असाही आहे की ख्रिस्ती माणूस प्रेमानं जवळ आला की 'आता हा काय मागणार' ही शंका समोर असू शकते. म्हणून पत्रातच लिहा की धर्मप्रचार हा हेतू नाही, आणि तो शब्द पाळा. पत्रकं वाटायची नाहीत, "येशू तुमचाच मसीहा ना?" असं विचारायचं नाही. ज्यूंच्या धर्मांतरासाठी कॅथलिक चर्च संस्था म्हणून कोणतंही मिशन चालवत नाही, असं व्हॅटिकननं २०१५ मध्ये लिहून दिलंय.

दुसरी चूक उलट्या टोकाची. त्यांच्याकडे बायबलमधून उतरलेली माणसं म्हणून बघणं. समोरच्या ठाण्याच्या काकांना अब्राहामाबद्दल विचारण्यापेक्षा त्यांची शाळा कुठली, मलिदा घरी कोण करतं, नव्याच्या सणाला काय असतं, असं विचारा. मलिदा म्हणजे पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुकामेवा आणि फळं मांडून एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, स्मरण करायचा बेने इस्राएलांचा विधी. भारताबाहेरच्या ज्यूंना तो माहीत नव्हता. गप्पा तिथून आपोआप पुढे जातात.

चर्चच्या हॉलमध्ये आपणच वल्हांडणाचं भोजन 'करून बघणं' टाळा. पुष्कळ ठिकाणी हौसेनं करतात. पण आज ज्यू घरांत होणारा तो विधी यरुशलेमचं मंदिर पाडल्यानंतरच्या शतकांत घडला. येशूचं शेवटचं भोजन म्हणून तो सादर करणं इतिहासाच्या दृष्टीनं चूक, आणि दुसऱ्याच्या घरचा विधी उचलण्यासारखं. कुणी तुम्हाला त्यांच्या घरी बोलावलं तर मात्र जरूर जा.

ओळख पक्की झाली की एकत्र वाचनाचा छोटा गट करता येतो. चार आपले, चार त्यांचे, एक स्तोत्र, एक तास. १२१ वं घ्या. आपण मराठीत वाचायचं, त्यांच्यातल्या कुणाला येत असेल तर हिब्रूत म्हणायला सांगायचं, आणि मग नुसतं बोलायचं. एकमत व्हायची गरज नाही. कीर्तन हाही चांगला दुवा आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं केली आणि बेने इस्राएलांनीही एकोणिसाव्या शतकात मोशे, योसेफ यांच्यावर मराठी कीर्तनं रचली. दोन्ही परंपरा एका संध्याकाळी ऐकायला मिळाल्या तर कुणाला आवडणार नाही?

सहावी पायरी: व्हॉट्सअॅप आणि इस्राएलचा प्रश्न

हे सोपं नाही. इस्राएल सरकारवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. इस्राएलमधले ज्यूच ती रोज करतात. गाझात होली फॅमिली नावाचं कॅथलिक चर्च आहे, बेथलेहेमात पॅलेस्टिनी ख्रिस्ती राहतात, त्यांच्या दुःखाबद्दल बोलणं आपलं कामच आहे. रेषा ओलांडली जाते ती टीका सरकारवरून लोकांवर घसरली की. 'ही जातच तशी', 'जग हेच चालवतात, बँका यांच्याच', 'होलोकॉस्ट झालाच नाही' किंवा 'हिटलरनं काम अर्धवट ठेवलं', हे आलं की ज्यूद्वेषच. भायखळ्याच्या सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या माणसाला इस्राएल सरकारच्या निर्णयाचा जाब विचारणं हाही त्याचाच प्रकार.

आपल्याकडे हिटलरचं एक वेगळंच कौतुक आहे. २००६ मध्ये खारघरला त्याच्या नावाचं हॉटेल निघालं होतं, आणि ज्यू समाजानं विरोध केल्यावर नाव बदललं. फूटपाथवर त्याचं आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. बहुतेक विकत घेणाऱ्यांना ज्यूंशी काही देणंघेणं नसतं, त्यांना 'कडक नेता' हवा असतो. त्यांच्याशी भांडू नका. छळछावण्यांत काय झालं ते सांगा.

गटात असा मजकूर आला की जाहीर वादापेक्षा पाठवणाऱ्याला वेगळा निरोप बरा: "काका, बातमी बघून राग आला ते कळतं. पण खालची ओळ सगळ्या ज्यूंबद्दल आहे. आपल्याबद्दल कुणी 'हे ख्रिस्ती सगळे तसलेच' असं लिहिलं तर आपल्याला चालेल का? सरकारवर लिहा, ती ओळ तेवढी काढा." ओळ निघाली नाही तर मग गटात दोन वाक्यांत लिहा आणि थांबा.

दुसऱ्या बाजूचा खड्डाही दिसू द्या. काही मंडळ्यांत इस्राएलचा झेंडा वेदीजवळ लावतात आणि प्रत्येक युद्ध म्हणजे शेवटच्या काळाची खूण म्हणून आनंदानं सांगतात. वरून प्रेम वाटतं. पण त्या कथेत ज्यू माणसं आपल्या भविष्यवाणीतली प्यादी असतात, आणि शेवटी त्यांनी एकतर ख्रिस्ती व्हायचं किंवा नष्ट व्हायचं असतं. असल्या प्रेमाचं एखाद्या ज्यू ओळखीच्या माणसाला काय वाटतं ते एकदा विचारा.

काही घडलंच तर

भिंतीवर काही लिहिलं, दफनभूमीत तोडफोड झाली, कुणाला धमकी आली, तर पहिला फोन सिनेगॉगच्या विश्वस्तांना. त्यांना गाजावाजा हवा की नको, हे तेच ठरवतील. छोट्या समाजाला कधी कधी शांतपणे सोबत उभं राहणारी माणसं जास्त उपयोगी पडतात. तक्रार करायची ठरली तर सोबत पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेत धर्मावरून वैर पसरवण्यासाठी कलम १९६, प्रार्थनास्थळाच्या विटंबनेसाठी २९८ आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्यासाठी २९९ आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, तेव्हा राज्य अल्पसंख्याक आयोगाकडेही दाद मागता येते. फोटो, तारीख, वेळ, साक्षीदार हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.

आणि हे सगळं एका माणसाच्या उत्साहावर ठेवू नका. फादरची बदली होते, युवक मंडळाची कार्यकारिणी बदलते, नाटकाचा नवा दिग्दर्शक कपाटातली जुनी संहिता काढून कामाला लागतो. म्हणून दुरुस्त केलेली संहिता, वाचनाआधीचं निवेदन, क्रूसाच्या वाटेच्या नव्या प्रार्थना आणि सिनेगॉगच्या विश्वस्तांचा दूरध्वनी क्रमांक एका फाइलमध्ये घालून चर्चच्या कार्यालयात ठेवा, आणि जुनी संहिता त्याच दिवशी रद्दीत द्या.